धुऱ्यावरचं अनोळखी झाड: लाकूड धनुष्याला चालेल का, कसं ओळखावं

वादळात पडलेलं झाड, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, छाटलेली जाड फांदी, नाहीतर सुताराच्या आवारात साल सोलून टाकलेला ओंडका. विदर्भात धनुष्याचं लाकूड बहुतेक असंच हाती येतं. बांबूचं तसं नाही. इंडियन राउंडमध्ये, म्हणजे तिरंदाजी स्पर्धेच्या देशी प्रकारात, 30 आणि 50 मीटरवर बांबूच्याच धनुष्याने नेम धरतात, आणि बांबू ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. लाकडाचं धनुष्य करायचं ठरवलं की खरी अडचण सुरू होते.

झाडाचं नाव कळलं की तीन गोष्टी कळतात: तोडायला परवानगी लागते का, चीक अंगावर उठतो का, आणि लाकूड साधारण कसं निघेल. पण धनुष्य होईल की नाही, हे नावावरून ठरत नाही. एकाच धामणीच्या बुंध्यातून एक कांब सरळ निघते आणि दुसरी पिळाची. म्हणून नाव शोधा, पण शेवटचा निर्णय तासलेल्या पट्टीवर सोडा.

झाड उभं असेल तर

लाकूड वाळलं की पान, साल, फळ सगळं हातचं जातं. त्यामुळे कुऱ्हाड लावण्याआधी पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला जुळतं ती जागा, साल आणि खाली पडलेली फळं यांचे फोटो घ्या. शिशिरात झाड उघडं असतं, तेव्हा बुंध्याखालचा पालापाचोळा चाळा. शेजारच्या झाडाचं पान उचलून फसणारे पुष्कळ असतात. मोबाइलच्या ॲपने दिलेलं नाव अंदाज म्हणूनच घ्या.

धामण पहिली शोधावी. लवचीकपणामुळे हे लाकूड धनुष्य आणि अवजारांचे दांडे यांसाठी फार पूर्वीपासून वापरात आहे. पानाचा बुडखा एका बाजूला तिरका, कडा दातेरी, आणि देठापासूनच तीन-चार शिरा फुटलेल्या. फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर काळी. साल ओढली तर चिवट वाख निघतो.

तिवसाच्या बाबतीत गोंधळ ठरलेलाच. पळसाला पानं तीनच, हे सगळ्यांना पाठ आहे. तिवसाच्या पानालाही तीनच दलं असतात, आणि दोन्ही झाडांच्या सालीतून लाल डिंक येतो. फरक शेंगेत बघा. पळसाची शेंग चपटी, लवदार, आणि तिच्या टोकाला एकच बी. तिवसाची शेंग सांध्यासांध्यांची, प्रत्येक सांध्यात एक बी. हा फरक चुकला तर मेहनत वाया जाते: तिवस म्हणजे बैलगाडीच्या चाकाला लागणारं चिवट लाकूड, तर पळस हलका, नरम आणि बहुधा वाकडातिकडा.

धावड्याची साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. हिवाळ्यात पानं तांबूस होतात. डिंकाच्या लाडवांसाठी ज्याचा डिंक लागतो तेच हे झाड. लाकूड चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याचं, पण वाळताना तडकतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते, आणि पानाच्या मागे देठाजवळ दोन बारीक गाठी असतात.

सालीला घाव घातल्यावर येणारा रस काळा पडत असेल तर हात लावू नका. तो बिब्बा असू शकतो. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात.

परवानगीचं आधीच बघा. राखीव वनातलं लाकूड पडलेलं असलं तरी विचारल्याशिवाय उचलू नका. साग, तिवस, बिजा, ऐन ही झाडं स्वतःच्या वावरात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. बनवलेलं धनुष्य फक्त निशाणीच्या फळीसाठी. शिकार हा गुन्हा आहे.

नुसता ओंडका हाती आला तर

ओंडक्याच्या टोकाची जागा नव्या ब्लेडने एका झटक्यात कापून गुळगुळीत करा, पाण्याने ओली करा आणि दहापट भिंगाखाली धरा. करवतीने कापलेल्या टोकावर काही दिसत नाही, कारण भुशाने छिद्रं बुजलेली असतात. वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ, सोबत हाताला तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास असेल तर ते बहुतेक सागाचं. बिजाच्या गाभ्याचा कपचा पाण्यात टाकून उन्हात धरला की पाण्यावर निळसर झाक येते. आपल्याकडच्या कित्येक झाडांत वर्षवलयं स्पष्ट नसतात, त्यामुळे ती मोजत बसू नका. पक्कं नाव हवंच असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था लाकडाचे नमुने तपासून देते.

रेघ

साल सोलल्यावर उघड्या पडलेल्या लाकडावर शाईच्या पेनाने एक थेंब ठेवा. शाई लाकडाच्या धाग्याच्या दिशेने पळते, तीच त्याची रेघ. 30 सेंमी लांबीत ती 2 सेंमीपेक्षा जास्त बाजूला सरकली तर तो तुकडा बाजूला ठेवा. मग एक हातभर तुकडा पाचरीने फोडा. दोन्ही फाळ्या सपाट निघाल्या तर उत्तम. फाळी पंख्याच्या पात्यासारखी पिळलेली असेल तर धनुष्यही ओढताना पिळेल. फोडताना लाकूड कुरकुरलं, तुटक कुसं उभी राहिली, तर धागे एकमेकांत अडकलेले आहेत. ते खाटेच्या पायाला चालेल.

वाळवणं

चाचणीसाठी बोटभर जाडीच्या चार कांबी काढा. उरलेला ओंडका उभा फोडा आणि त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावा. टोकातून पाणी सगळ्यात लवकर उडतं, म्हणून तडे तिथूनच सुरू होतात. एप्रिल-मे महिन्यांत ओलं लाकूड टिनाच्या छपराखाली ठेवलं तर चार दिवसांत चिरफळतं. मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून वर, सावलीत ठेवा. चार दिवसांच्या अंतराने दोनदा वजन सारखं भरलं की कांबी वाळल्या. सालीखालचं पांढरं लाकूड तासू नका, धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरताना निशाणीकडे असणारी बाजू, तिथूनच येते. मात्र त्यालाच घुण आधी लागतो, म्हणून लक्ष ठेवा.

वजन

एक कांब बरोबर 2 × 2 × 25 सेंमी करा. हे 100 घन सेंमी झालं. सोनाराच्या काट्यावर जितके ग्रॅम भरेल, त्याला 100 ने भागलं की घनता. 70 ग्रॅम म्हणजे 0.70. 0.55 च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

वाकवून पाहणं

या चाचणीला घाई करू नका. पट्टी 40 सेंमी लांब, 12 मिमी रुंद, 6 मिमी जाड तासा. जाडी अर्धा मिलिमीटर जरी वाढली तरी पट्टी सव्वापट ताठ होते, म्हणून व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजा. दोन विटांमध्ये 30 सेंमी अंतर ठेवून पट्टी त्यांवर टाका, मध्यभागी दोरीने बादली अडकवा आणि लिटर-लिटर पाणी घाला. मधला भाग 20 मिमी खाली जाईपर्यंत थांबू नका. ताठ लाकडाला तेवढ्यासाठी बादलीसकट आठ-दहा किलो लागतात. पाच-सहा किलोतच गेलं तर लाकूड मऊ आहे.

एक मिनिट थांबा, बादली काढा आणि पट्टी किती वाकडी राहिली ते मोजा. एक मिलिमीटरच्या आत असेल तर लाकूड चांगलं. दोन किंवा जास्त असेल तर धनुष्य लांब आणि रुंद करावं लागेल, नाहीतर ते ओढल्यानंतर वाकडंच राहील. पट्टीच्या वरच्या, म्हणजे वाकाच्या आतल्या बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर लाकूड दाबाला कच्चं आहे.

मग पट्टी मुद्दाम मोडा. लांब कुसं निघत, करकरत तुटली तर ती चिवट. गाजरासारखी कटकन तुटली तर लाकूड ठिसूळ, मग नाव धामण असो की आणखी काही. असं धनुष्य ओढलेलं असतानाच तोंडाजवळ फुटतं.

पावसाळ्यात हीच चाचणी फसवते. हवेतला ओलावा पिऊन चांगली पट्टीही वाकडी राहते. म्हणून त्याच मापाची सागाची एक पट्टी कायम जवळ ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी वाकवून फरक बघा.

मापं

65 सेंमी ओढीसाठी (दोरी जितकी मागे ओढता ती ओढ) धनुष्याची लांबी 165 सेंमी धरा. घनता 0.80 च्या वर असेल तर पात्याची (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागाची) रुंदी 4 सेंमी, 0.65 ते 0.80 असेल तर 5, त्याहून हलक्याला 6. पहिलं धनुष्य एक सेंमी जास्तच रुंद ठेवा. नंतर तासून कमी करता येतं.