पत्रात देश कळतो, घर कळायला वेळ लागतो

परदेशात स्वयंसेवक म्हणून नेमणुकीचं, म्हणजे प्लेसमेंटचं पत्र आलं त्या दिवशी रामबागेतल्या आमच्या घरात आईनं पहिला प्रश्न विचारला, "तिथे नळाला पाणी किती वेळ येतं?" इंदूरच्या बाईला हेच आधी सुचणार. इथे नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात, तेही दिवसाआड येतं, आणि टाकी भरायच्या वेळेवर घराची सकाळ ठरते. पत्रात देश होता आफ्रिकेतला मलावी, काम होतं सरकारी दवाखान्यांतल्या औषधसाठ्याची नोंद ठेवायला शिकवणं, मुदत दोन वर्षं. राहण्याबद्दल एकच ओळ होती: निवासाची सोय यजमान संस्था, म्हणजे जिच्याकडे काम करायचं ती, करील.

परदेशी स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा निघालेल्यांनी ही ओळ नीट वाचावी. आपण राहणार कुठे, हे आधी देश, मग गाव, मग घर असं तुकड्यातुकड्यानं कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात कामाच्या वर्णनातच ड्यूटी स्टेशनचं, म्हणजे नेमणुकीच्या गावाचं, नाव असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अशा ठिकाणांना राहणीमानाच्या खडतरपणानुसार ए ते ई अशी श्रेणीही असते, ई म्हणजे सगळ्यात अवघड. अर्ज करण्याआधी ती बघून घ्या. पण तिथेही गाव कळलं म्हणजे घर कळलं असं नाही. मला पाठवणाऱ्या संस्थेत तर गावही तिथे पोचल्यावर, ओरिएंटेशनच्या शेवटच्या दिवशी सांगितलं.

तोवर मी मनानं लिलाँगवेत राहायलाही लागले होते. राजधानी, जुन्या बाजारात गुजराती दुकानं, डाळ-तांदूळ मिळणार, सगळं ठरवून टाकलं होतं. मग यादीत माझ्या नावापुढे आलं मझुझू. उत्तरेला, साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. दोन दिवस मला खूप वाईट वाटलं. म्हणून सांगते, नकाशावर एका शहरात जीव अडकवून बसू नका.

गाव बदललं की बाकीचंही बदलतं. मझुझू बाराशे मीटरहून उंचावर आहे, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं जून-जुलैत तिथे कडाक्याची थंडी पडते. मी आफ्रिका म्हणून सगळे सुती कपडे भरले होते. भाषेचंही तसंच. ओरिएंटेशनमध्ये चिचेवा शिकवली, 'झिकोमो' म्हणजे धन्यवाद हे घोटून घेतलं. उत्तरेत लोक तुंबुका बोलतात, तिथे धन्यवादाला 'येवो' म्हणतात.

मला मिळालेलं घर म्हणजे दवाखान्याच्या आवारातलं विटांचं क्वार्टर. दार उघडलं तर स्वयंपाकघरात झाकण लावलेल्या तीन निळ्या बादल्या पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. शेजारच्या नर्सबाईंनी सकाळीच भरून ठेवल्या होत्या, कारण नळ अंगणात होता आणि दुपारी त्याला पाणी नसायचं. माझ्या सगळ्या प्रश्नांचं खरं उत्तर त्या बादल्यांत होतं. ऑफिसला मी तीन मेल लिहिल्या होत्या, प्रत्येक वेळी उत्तर एकच, 'पाण्याची सोय आहे'.

म्हणून विचारायचं ते असं विचारा, की उत्तर हो-नाहीत संपणार नाही. ऑक्टोबरमध्ये पाणी किती वाजता येतं? (तिथे पाऊस साधारण नोव्हेंबरनंतर सुरू होतो, त्याआधीचे महिने सगळ्यात कोरडे.) लाइट गेल्यावर शेजारचे स्वयंपाक कशावर करतात? माझ्या आवारात कोळशाची शेगडी होती आणि मी ती पेटवायला शिकले. भाडं यजमान भरणार की आपल्या भत्त्यातून जाणार? कामाहून परतायला अंधार झाला तर कसं यायचं? आणि हे शक्यतो त्या घरात आधी राहिलेल्या स्वयंसेवकाला विचारा. संस्थेकडे नंबर मागितला तर बहुतेक वेळा मिळतो. ऑफिसातल्या माणसानं ते घर पाहिलेलंच असेल असं नाही.

एका बाबतीत मात्र जमवून घेऊ नका. माझ्या मागच्या खिडकीला गज नव्हते, कडीही नीट लागत नव्हती. यजमान संस्थेनं 'बघू' म्हटलं. आठवडाभर मी खिडकीला ट्रंक लावून झोपले, ते करायला नको होतं. मग मला पाठवणाऱ्या संस्थेच्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोटोसकट लेखी कळवलं, आणि चार दिवसांत गज बसले. सुरक्षित घर मागणं म्हणजे नखरे नव्हेत. बादलीनं अंघोळ करायची तयारी ठेवा, पण कुलूप, कडी आणि मच्छरदाणी हक्कानं मागा. मलेरिया तिथे वर्षभर असतो.

ऑक्टोबरात नळ फक्त रात्री दोनच्या सुमारास यायला लागला. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे इंदुरात तेव्हा साडेपाच वाजलेले आणि आई उठलेली. बादली नळाखाली लावून मी तिला फोन केला आणि पाण्याची वेळ सांगितली. ती म्हणाली, "मग बादल्यांनी नाही भागणार गं, झाकणाचं मोठं पिंप घे."