स्ट्रॉमबर्ग ९७ ओव्हर होतोय? फ्लोटला हात लावण्याआधी हे वाचा

फ्लॅटहेड व्ही-८ वरचा (फोर्डच्या जुन्या इंजिनावरचा) स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर ओव्हर होतोय, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल भरतंय, म्हणून फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणाऱ्या डबीची) पट्टी वाकवायला पक्कड हातात घेतली असेल, तर ती आधी खाली ठेवा. पट्टी वाकवून बरा झालेला कार्बोरेटर मी क्वचित पाहिलाय. पट्टी वाकवून आणखी बिघडलेले मात्र ढिगाने.

कॅलिफोर्नियात शिकायला-नोकरीला आलेली आणि शनिवारी कुणाच्या तरी हॉट रॉडच्या (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या) गॅरेजमध्ये फुकटात हात काळे करायला जाणारी आपली बरीच मंडळी आहेत. हे त्यांच्यासाठी. कार्बोरेटर कसा चालतो, चोक कशाला असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. निदान घरची स्कूटर तिरकी करून किक तरी मारलेली असेलच. पण तिथे कार्बोरेटर एकच. १९४६-४८ च्या फोर्ड ५९ए ब्लॉकवर, म्हणजे याच फ्लॅटहेडवर, एकाच मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या नळ्यांवर) दोन किंवा तीन ९७ बसलेले असतात, आणि ओव्हर होणारा एक असला तरी काळे प्लग दोन्ही बाजूंना सापडतात. प्लगच्या रंगावरून दोषी ठरवायच्या भानगडीत पडू नका.

९७ मूळचा १९३६ ते १९३८ च्या फोर्डवरचा. भंगारात सहज मिळायचा, म्हणून कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी तो दोन-दोन, तीन-तीन लावला. त्याच्या जन्माच्या वेळचे पंप बेताचे होते. त्यामुळे त्याला अडीच पीएसआय (चौरस इंचाला पौंड) प्रेशर पुरतं, आणि तीनच्या वर गेलं की नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) मिटून राहात नाही. आज दुकानातून आणलेला इलेक्ट्रिक पंप बिनदिक्कत चार ते सात देतो.

तेव्हा पहिलं काम, बघणं. एअर क्लीनर काढा, गाडी आयडलवर ठेवा आणि टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात पाहा. (पाहा म्हणजे बाजूने. तोंड वर धरू नका, बॅकफायर झाला तर भुवया जातात.) आयडलवर मधल्या नोझलमधून थेंब पडत असतील तर बाउलमधली (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतली) पातळी वर आलीय. थेंब नाहीत पण धूर काळा आहे, तर दुखणं वेगळं. ९७ मध्ये पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारा) अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या खाली असतो आणि पेडल जवळजवळ पूर्ण दाबल्यावर पंपाचा दांडा तो उघडतो. लिंकेज चुकीचं लावलं तर तो आधीच उघडतो आणि गाडी पेट्रोल पिते. ९७ ऐवजी हॉली ९४ (फोर्डवरचाच दुसरा कार्बोरेटर) असेल तर पॉवर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय का ते बघा. तिथे फ्लोटचा काही संबंध नाही.

दुसरं काम, प्रेशर मोजणं. पंपाचं प्रेशर उतरवणाऱ्या रेग्युलेटरच्या डायलवर दोन लिहिलंय म्हणजे दोन येतंय असं समजू नका. त्या स्वस्त डायलवाल्या रेग्युलेटरवर माझा काडीचा विश्वास नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्यावर गेज लावा, आणि तेही शून्य ते पाच-सहाचं. पंधरापर्यंतच्या गेजवर दोन आणि साडेतीन यांत काटा हलल्यासारखा वाटतच नाही. आयडलवर वाचा. मग इंजिन बंद करून नुसता पंप चालू ठेवा आणि पुन्हा वाचा. काटा हळूहळू चढत गेला तर रेग्युलेटर बदला.

आता जिथे मी अडकले आणि जिथे तुम्हीही अडकणार आहात, ते. इथे मी लांबण लावणार आहे.

नीडल ज्या सीटमध्ये बसते ती सीट आट्यांनी बाउलच्या भिंतीत आवळलेली असते आणि तिच्या मागे एक बारका वायसर असतो. पेट्रोलला आत यायला वाट एकच हवी, सीटच्या भोकातून. वायसर नीट बसला नाही की दुसरी वाट तयार होते, सीटच्या बाहेरून, आट्यांमधून. नीडल कितीही घट्ट मिटली तरी त्या वाटेला दारच नाही. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक नवा बसवूनही टाकी वाहते, कारण पाणी शेजारच्या सैल नटातून आत पडत असतं, अगदी तसं.

हा दोष फसवतो कसा, ते समजून घ्या. गळती बारीक असते. फ्रीवेवर गाडी भरपूर पेट्रोल खाते, त्यामुळे गळलेलं सगळं जळून जातं आणि गाडी मस्त पळते. सिग्नलला थांबलात की खाणं कमी होतं, गळणं तेवढंच राहतं, पातळी चढते आणि गाडी घुसमटून बंद. नेमकी हीच लक्षणं जास्त प्रेशरची. म्हणून माणूस प्रेशर कमी करतो. प्रेशर उतरलं की गळतीही थोडी उतरते, आणि आपल्याला वाटतं, बरोबर दिशेने चाललोय. मग नवी नीडल. थोडा फरक. मग फ्लोटची पट्टी. त्यानेही थोडा फरक, कारण आपण सुरुवातीची पातळीच खाली नेली, आता ती नोझलपर्यंत चढायला वेळ लागतो. प्रत्येक उपायाने थोडं बरं वाटतं आणि मूळ कारण तिथेच. असे कित्येक शनिवार जातात. माझे गेले.

ओळखायचं असं. इंजिन पूर्ण गार. बाउलचं झाकण काढा, थोडं पेट्रोल काढून घ्या, फ्लोट बोटाने अलगद वर धरा म्हणजे नीडल मिटेल, आणि मदतनीसाला फक्त इलेक्ट्रिक पंप चालू करायला सांगा. फ्लोट वर असताना पेट्रोल वाढतंय? मग फ्लोट निर्दोष आहे. नीडल तरी गळतेय, नाहीतर वायसर. सीटच्या कडेने ओलसर चकाकी सरकताना दिसली तर वायसरच. नीडल नवी घालूनही पेट्रोल वाढलं, तरी वायसरच.

ही चाचणी करताना गॅरेजचं दार उघडं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि एक गोष्ट इथे नव्या आलेल्यांच्या लक्षातच येत नाही: अमेरिकन घरांत गॅसवरचा वॉटर हीटर बऱ्याचदा गॅरेजच्याच कोपऱ्यात असतो आणि त्यात पायलटची ज्योत जळत असू शकते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. गाडी बाहेर ढकला. आळस करू नका.

सीट काढलीत की खड्ड्यात टॉर्च मारा. तळाशी काळपट, गुळगुळीत कडं दिसेल आणि ते बॉडीचाच भाग वाटेल. तो जुना फायबरचा वायसर असतो, वर्षानुवर्षं चिकटून धातूसारखा झालेला. दुरुस्तीच्या किटमधला नवा वायसर त्याच्यावर बसवला की दोन होतात. सीट तिरकी दबते, गळते, शिवाय जागा सोडून पुढे येते, म्हणजे फ्लोटचं मापही चुकतं. लाकडी काडीने किंवा पितळेच्या टोकाने हलकेच सुटा करा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलंत तर बसायची जागाच जाईल आणि मग कुठलाच वायसर धरणार नाही.

हे मला किटच्या कागदाने सांगितलं नाही. सत्तरीतल्या एका आजोबांनी दाखवलं. (त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते.) ते स्वतः हत्यार धरायचे नाहीत. आधी मला विचारायचे, काय मोजलंस? उत्तर नसेल तर कॉफी प्यायला निघून जायचे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, शिकवणारा असाच शोधावा. ‘इकडे दे, मी करतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, आणि ‘हे सगळं फेकून एक मोठा चार बॅरलचा कार्बोरेटर लाव’ म्हणणाऱ्यापासून आठ हात.

बाउलवर पाना ठोकण्याचा उपाय सगळेच सांगतात. नीडलखाली कचरा असेल तर तेवढ्यापुरता चालतो, घरी पोहोचवतो. पण कचरा आला कुठून? जुन्या टाकीतला गंज, नाहीतर कुणीतरी पेट्रोलच्या जोडाला गुंडाळलेली टेफ्लॉनची पांढरी टेप. तिचे धागे सुटून थेट सीटवर बसतात. पेट्रोलच्या लाइनला ती टेप लावणाऱ्याला मी गॅरेजमध्ये घेणार नाही.

एवढं झाल्यावर फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी हलवा, मग गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे. डाग देऊन बुजवता येतं, पण वजन वाढतं, तो खोल बसतो आणि पातळी वर जाते. परवडत असेल तर नवा घ्या.

आणि मग, अगदी शेवटी, पातळी. गाडी सपाट जमिनीवर, थोडी चालवून बंद केलेली, झाकण काढलेलं, पॅकिंग बाजूला. बाउलच्या वरच्या कडेपासून पेट्रोलपर्यंत १५/३२ इंच, म्हणजे जवळपास १२ मिलिमीटर. मोजताना भिंतीपासून लांब मोजा, कारण कडेला पेट्रोल थोडं वर चढलेलं असतं आणि माप फसतं. पट्टी वाकवायचीच असेल तर फ्लोट बाहेर काढून वाकवा. आत असताना दाबलंत तर नीडलच्या टोकाला खळगा पडतो.

घाबरू नका. एवढं सगळं वाचून कार्बोरेटर म्हणजे भूत वाटेल, पण ९७ साधा आहे, तो उघडून पुन्हा लावणं एका दुपारचं काम आहे आणि सुटे भाग आजही नवे मिळतात. आणि गाडी उन्हातून आणून बंद केल्यावर दहा मिनिटांनी नोझल ठिबकलं, चालू असताना नाही, तर तो बिघाडच नाही. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते तापलेल्या मॅनिफोल्डवर पटकन उकळतं. कार्बोरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर घाला, सुरू करताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, पेडल पंप करू नका.

ऑइल मात्र विसरू नका. ओव्हर झालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी न भरताच वाढली, तर दुरुस्ती संपल्यावर ऑइल बदलल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि फ्लॅटहेडच्या बेअरिंगचा खर्च कार्बोरेटरच्या किटसारखा नसतो.