मेकॅनिकल कीबोर्ड बदलायचाय? गेमिंग आणि रोजचं टायपिंग, दोन्ही एकाच कीबोर्डवर करणाऱ्यांसाठी

कीबोर्ड नीट चालेना झाला की लोक लगेच सेल कधी आहे ते बघायला लागतात आणि ज्याला जास्त लाइट तो उचलतात. माझं सांगणं एवढंच की आधी जुन्याचं नक्की काय गेलंय ते शोधा. बऱ्याचदा नवीन घ्यायची गरजच नसते, आणि असली तरी जुना कशाने गेला त्यावरूनच नवीन कुठला घ्यायचा हे कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे एकदा दाबलं की दोनदा उमटतं, याला चॅटर म्हणतात. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कीखाली तिचा स्वतंत्र स्विच असतो. साध्या मेकॅनिकल स्विचच्या आत धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात, की दाबली की त्या एकमेकींना टेकतात आणि कीबोर्डला कळतं की अक्षर आलं. त्या पट्ट्यांवर धूळ बसली, ओल धरली, चहाचा एखादा थेंब आत गेला की टेकणं नीट होत नाही, मग कधी डबल अक्षर येतं, कधी येतच नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत जेवढा दमटपणा असतो तेवढ्यात हे होणारच. एकदोन कीजनाच त्रास असेल तर स्विच गेलाय, बाकी कीबोर्ड ठणठणीत आहे. पण एक अख्खी ओळ किंवा वरपासून खालपर्यंतचा एक उभा पट्टाच बंद असेल तर मामला बोर्डाचा आहे, कारण कीज आत आडव्या-उभ्या लाइनींच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि एक लाइन तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कीज एकदम जातात. आणि कीबोर्ड मधूनच बंद पडून परत चालू होत असेल तर आधी केबल बदलून बघा, निघणारी केबल असेल तर दुसरी चांगली डेटा केबल लावा, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघा.

आता समजा खरंच नवीन घ्यायचाय. तर माझी पहिली अट, जिच्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही, ती म्हणजे हॉट-स्वॅप. म्हणजे स्विच बोर्डाला सोल्डर केलेले नसतात, सॉकेटमध्ये खोचलेले असतात, होल्डरमधला बल्ब बदलावा तसा स्विच बदलता येतो. सोल्डरवाल्या कीबोर्डचा डब्ल्यू गेला तर सोल्डरिंग गन घेऊन बसा नाहीतर कोणीतरी करून देणारा शोधा, आणि हॉट-स्वॅपमध्ये वीस-चाळीस रुपयांचा एक स्विच आणला की झालं. पूर्वी हे फक्त महागात मिळायचं, आता अडीच-तीन हजारातही मिळतं, त्यामुळे नसलेला घ्यायचं काही कारणच उरलेलं नाही.

पण इथे एक मेख आहे. स्विच तीन पिनचे आणि पाच पिनचे येतात. दोन पिना वीज नेणाऱ्या, धातूच्या, मधला जाड प्लास्टिकचा खुंट, आणि पाच पिनवाल्यात बाजूला आणखी दोन प्लास्टिकच्या बारीक काड्या. पाच पिनच्या बोर्डात दोन्ही बसतात, तीन पिनच्या बोर्डात पाच पिनवाला बसवायचा तर त्या दोन काड्या नेलकटरने कापाव्या लागतात. शिवाय काही स्वस्त बोर्डांचे सॉकेट इतके अरुंद असतात की त्यात औटेमू कंपनीचेच बारीक पिनांचे स्विच जातात, गेटेरॉन किंवा चेरी या कंपन्यांचा जातच नाही. त्यामुळे लिस्टिंगमध्ये नुसतं हॉट-स्वॅप लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, कुठले स्विच चालतात ते विचारा आणि पाच पिनवालाच बघा.

स्विच बदलायची रीत पण इथेच सांगतो, कारण बरेच जण घाईत पिना वाकवतात. बॉक्समध्ये चिमट्यासारखा पुलर मिळतो. स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक क्लिपा असतात, डाव्या-उजव्या नाही, तिथे पुलर लावून दाबायचं आणि सरळ वर ओढायचं, वाकडंतिकडं नाही. नवीन बसवताना आधी उजेडात धरून दोन्ही पिना सरळ आहेत ना बघा, वाकलेली असेल तर बारीक चिमट्याने हळू सरळ करा, मग भोकावर नीट धरून सरळ खाली दाबा. टक्कन बसतो. ताकद लावावी लागत असेल तर लावू नका, पिन दुमडतेय. जोर केला तर सॉकेटच बोर्डावरून उखडतो आणि मग हॉट-स्वॅपचा काही उपयोग राहत नाही.

आता स्विच कुठला. लिनिअर म्हणजे सरळ खाली जाणारा, टॅक्टाइल म्हणजे मध्ये बोटाला एक हलकी गाठ लागते, क्लिकी म्हणजे गाठ अधिक टकटक आवाज. चेरीचा रेड, म्हणजे लिनिअर, ४५ ग्रॅमच्या आसपास दाबाला आणि २ मिलिमीटर खाली गेल्यावर नोंद घेतो, म्हणजे अक्षर उमटतं, आणि ब्लू, म्हणजे क्लिकी, ६० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे सरकारी ऑफिसात, बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात जो टीव्हीएस गोल्ड दिसायचा, ज्याचा आवाज पार दारापर्यंत यायचा, तो याच ब्लू जातीचा. टायपिंगला त्याची मजा वेगळीच, मला तो आवाज मनापासून आवडतो, पण रात्री अकराला बाजूच्या खोलीत आईबाबा झोपलेत आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळताना बोलायच्या अॅपवर, माइक चालू आहे अशा घरात क्लिकी घेऊ नका, टीममेटला तुमच्या पावलांपेक्षा तुमचा कीबोर्ड जास्त ऐकू येईल. दोन्ही कामांसाठी ४५ ते ५० ग्रॅमचा लिनिअर घ्या, आणि हात जड असेल, म्हणजे बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडत असेल, तर हलका टॅक्टाइल घ्या.

मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, शिफ्ट प्रचंड लागतं. के वर क, शिफ्ट-के वर ख, आय वर ग, शिफ्ट-आय वर घ, आणि आपला ळ पण शिफ्ट-एन वर. मुळे, शाळा, वेळ, काळजी, एका वाक्यात किती ळ येतात बघा. प्रत्येक वेळी करंगळी शिफ्टवर, त्यामुळे जड स्विच असला की संध्याकाळपर्यंत करंगळी भरून येते. जोडाक्षराचं हलंत डी वर आहे, ती पण सतत दाबली जाते. कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल तर एक युक्ती करता येते, दोन्ही शिफ्टला बाकीच्यांपेक्षा हलके स्विच लावायचे. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये आवाज न करता हळू चालायला शिफ्ट धरून ठेवावं लागतं तिथेही याचा फायदाच होतो.

हॉल इफेक्ट, म्हणजे मॅग्नेटिक स्विच, हल्ली सगळे विचारतात. यात पट्ट्या टेकत नाहीत, स्विचमध्ये लोहचुंबक असतं आणि खाली सेन्सर, की किती खाली गेली ते तो मोजतो. म्हणून नोंद कुठे घ्यायची ते तुम्ही ठरवता, आणि रॅपिड ट्रिगर म्हणजे बोट जरा वर आलं की लगेच की सुटली असं धरलं जातं. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट खेळणाऱ्याला थांबून गोळी मारताना हे खरंच जाणवतं. नेदरलँडच्या वूटिंगने हे लोकप्रिय केलं, आता चिनी कंपन्यांचे बरेच स्वस्त आलेत. पट्ट्याच नसल्याने गंजाचं चॅटरही नाही. पण यात साधे मेकॅनिकल स्विच बसत नाहीत आणि मॅग्नेटिकमध्येही कुठलाही कुठेही चालत नाही. रोज दोन तास नेमबाजीचे गेम खेळत असाल तर जरूर घ्या, दिवसभर मेल आणि एक्सेल आणि शनिवारी रात्री जरा गेम असं असेल तर तोच पैसा चांगल्या साध्या मेकॅनिकलमध्ये घाला. आणि स्नॅप टॅप नावाचं जे फीचर विकतात, ए आणि डी एकत्र दाबले तर शेवटचं धरणारं, ते काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या त्यांच्या सर्व्हरवर बंद केलं, चालू ठेवलं तर मॅचमधून बाहेर काढतात. त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

तसंच ८००० हर्ट्झचं. १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाला कीबोर्ड पीसीला कळवतो, ८००० म्हणजे ०.१२५ मिलिसेकंदाला. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेमच जवळपास ७ मिलिसेकंदांची असते, तर हा फरक तुम्हाला दिसणार कुठे? १००० पुरे. वायरलेस हवा असेल तर डोंगलवाला, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा घ्या, गेम डोंगलवर किंवा केबलवर, ब्लूटूथ फक्त ऑफिसच्या लॅपटॉपला आणि टॅबला.

साइज. टॅली किंवा आकडेमोड रोजची असेल तर नंबरपॅडवाला पूर्ण साइज, नाहीतर नंबरपॅड नसलेला टीकेएल किंवा त्याहून आटोपशीर ७५ टक्के, माउसला जागा मिळते आणि बाण, डिलीट, वरची एफ-कीजची ओळ शाबूत राहते. ६० टक्के दिसायला गोड, पण त्यात एफ-कीजची ओळ नसते, त्यामुळे एक्सेलमध्ये एफ-टू दाबायलाही दोन कीज लागतात, रोजच्या वापराला मी तो घेऊ नका म्हणेन. अजून एक, आपल्याकडच्या नेहमीच्या लेआउटचाच घ्या, आडवी एंटर आणि तिच्या वर बॅकस्लॅश. इनस्क्रिप्टमध्ये डॉक्टर, कॉलेज, ऑफिस यातला ऑ चा उच्चार दाखवणारी खूण त्या बॅकस्लॅशवरच आहे, ती की हलली की बोटं चुकत राहतात.

कीकॅप, म्हणजे कीवरची अक्षराची टोपी, पीबीटी प्लास्टिकचे बघा, एबीएस प्लास्टिकचे काही महिन्यांत तेलकट चकचकीत होतात. अंधारात खेळत असाल तर अक्षरातून उजेड येणारे आहेत ना तेही बघा. देवनागरी स्टिकर लावणार असाल तर खरखरीत पीबीटीवर ते लवकर सुटतात, कडेने वर येतात.

व्हिया नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा कीबोर्ड मिळाला तर फार बरं, कारण कीजची अदलाबदल कीबोर्डमध्येच साठते, ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायला नको. विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोज-स्पेस दाबतो ना, ते अख्खं कॅप्स लॉकवर टाका, मराठी-इंग्रजी एका बोटात.

जमलं तर हात लावून घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. दुकानात लाइट बघत बसू नका, स्पेसबार डाव्या टोकाला दाबा, मग उजव्या टोकाला, मग एंटर, बॅकस्पेस. तारेसारखा खडखड आवाज आला तर स्टॅबिलायझर, म्हणजे लांब कीज दोन्ही टोकांना सारख्या दाबल्या जाव्यात म्हणून खाली असलेल्या तारा, कोरडे आहेत, ग्रीस लावून सुधारतात पण तेवढं करायची तयारी नसेल तर दुसरा बघा. गॅस्केट, फोम वगैरे आतली गादी आवाज मऊ करण्यासाठी असते, चांगलंच आहे, पण हॉट-स्वॅप आणि स्टॅबिलायझरच्या नंतर.

घरी आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत कीबोर्ड टेस्टरच्या कुठल्याही साइटवर एकेक की तपासा, मग शिफ्ट, डब्ल्यू आणि स्पेस एकत्र, कंट्रोल, डब्ल्यू आणि ए एकत्र, तिन्ही दिसल्या पाहिजेत. नोटपॅडमध्ये इनस्क्रिप्ट लावून दोनचार परिच्छेद लिहून काढा, डबल अक्षर असेल तर तिथेच पकडलं जाईल. खोका मुदत संपेपर्यंत टाकू नका, आणि सोबत आलेले जादा स्विच सिलिका जेलची पुडी घालून झिपवाल्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात लागतात.