झटका बसलेल्या चार्जचं रेडिएशन कंपास-पट्टीने कसं काढायचं

बीएस्सीवाल्यांनो, लार्मरचा फॉर्म्युला (वेग बदलणारा चार्ज किती ऊर्जा रेडिएट करते ते सांगणारा) पाठ करायच्या आधी हे चित्र एकदा हाताने काढाच, मूळ आयडिया जे. जे. थॉमसनची, अन् सामान म्हणाल तर नागपुरात सीताबर्डीवर कुठंही मिळते तो ए४ ग्राफपेपर, कंपास, पट्टी, कोनमापक, बस.

स्केल असा धरा की १ सेंमी म्हणजे प्रकाश १ नॅनोसेकंदात जाते तेवढं अंतर, म्हणजे खरे ३० सेंमी. मधात ओ बिंदू. चार्ज तिथं गप बसलेला होता, त्याला अर्धा नॅनोसेकंद झटका बसला अन् मग तो प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या वेगाने उजवीकडे सरळ निघाला. ५ नॅनोसेकंदांनी तो जवळपास अर्धा सेंमी सरकलेला असते, तिथं टिंब द्या.

आता ओ वरून ५ अन् ४.५ सेंमीचे दोन वर्तुळं. बाहेरच्या वर्तुळापलीकडे झटक्याची खबर पोचलीच नाही, म्हणून तिथल्या इलेक्ट्रिक फील्डच्या रेषा अजून ओ कडूनच येतात, आतल्या मात्र चार्जच्या नव्या जागेवरून. दर ३० अंशाला रेषा काढा अन् सारख्या कोनाच्या रेषा दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात जोडा. जोडताना रेषा तिरपी होते, ती तिरपाई म्हणजेच रेडिएशन! ० अन् १८० अंशाला ती नसतेच, ९० ला सगळ्यात जास्त.

मुख्य काम आता आहे, हे सोडू नका. ९० अंशाला आडवं सरकणं भागिले उभं मोजा, जवळपास १ येते. मग १० नॅनोसेकंदांचं दुसरं चित्र काढा, वर्तुळं १० अन् ९.५, चार्ज १ सेंमीवर, गुणोत्तर २ च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की सरळ (चार्जपासून बाहेर जाणारं) फील्ड चौथाई होते पण आडवं निम्मंच होते, म्हणून लांबवर तेच उरते. हिंगण्याकडे वीज पडली की गडगडाटाआधी मिडियम वेव्हवर जी खरखर येते ती हीच.

वस्तुमानासाठी, म्हणजे गुरुत्वीय लहरींसाठी, हेच चित्र जसंच्या तसं काढू नका बरं. झटका देणारा उलट्या दिशेला ढकलला जातेच, एकूण संवेग कायम राहते, त्यामुळे दोघांच्या तिरपाया पहिल्या पायरीवर कटतात (चार्जमध्ये चार्ज-वस्तुमान गुणोत्तर वेगळं असू शकते म्हणून तसं होत नाही) अन् उरते फक्त क्वाड्रुपोल (त्याच्या पुढच्या पायरीचा भाग), लई बारीक. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर आली तेव्हा ती पकडणाऱ्या लायगो यंत्राच्या ४ किमी लांब भुजा प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी हलल्या होत्या. म्हणून इथं दोन सारखे गोळे घेऊन उलट दिशेने झटके द्या अन् काय कटते ते पहा, बाकीचं टेन्सरचं (अनेक दिशांच्या घटकांचं) गणित पट्टीने होत नाही.