इम्स दांपत्याचे खुंटाळे, पुण्यात मिळणाऱ्या सामानातून

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकी दांपत्याने १९५३ साली तारेच्या चौकटीवर रंगीबेरंगी लाकडी गोळे बसवून भिंतीवरचे खुंटाळे घडवले. त्याचे मर्म माझ्या मते रंगांपेक्षा गोळ्यांत आहे. खिळ्यावर कपड्याचा सगळा भार एका टोकावर येऊन मानेपाशी कापड ताणले जाते, तर गोळा तोच भार पसरवून पेलतो. म्हणून साहित्य खुशाल बदलावे, गोळा सोडू नये.

तारेच्या चौकटीऐवजी इथे लाकडी फळी घ्यावी; तिच्यासाठी जुन्या वाड्याचे सागवान मिळाले तर उत्तम. ९० सेंटीमीटर लांब, १० रुंद आणि अडीच जाड तुकडा घ्यावा आणि रंधा मारण्यापूर्वी आत रुतलेले खिळे लोहचुंबकाने हुडकून काढावेत.

गोळ्यांसाठी भरीव पितळेचा मोह होतो. परंतु ४ सेंटीमीटर व्यासाचा पितळी गोळा सुमारे २८५ ग्रॅम भरतो, सागवानी गोळा जेमतेम वीस-पंचवीस. तेव्हा सहा गोळे कातारीकडून सागवानाचेच कातून घ्यावेत. धातूची हौस कसबा पेठेतल्या तांबट आळीत भागवावी. हातोडीने ठोकून मठारकाम केलेल्या तांब्याच्या छोट्या चकत्या, मधोमध भोक पाडून, गोळे फळीला जोडणाऱ्या दांड्यांच्या बुडाशी बसवल्या की हातोडीच्या प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा खेळतो.

दांड्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, ८ मिलिमीटर जाड आणि ११ सेंटीमीटर लांब असाव्यात. मी पूर्वी साधे लोखंड वापरले होते. ओल्या रेनकोटाखाली ते पहिल्याच पावसाळ्यात गंजले आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला तपकिरी डाग आजही गेलेला नाही.

गोळा हातात धरून कधीही भोक पाडू नये, तो ड्रिलबरोबर गरकन फिरतो. जाड फळकुटाला गोळ्याहून थोडे लहान भोक पाडून त्यात तो बसवावा, फळकुटासकट शिकंजात घट्ट आवळावा आणि मगच २ सेंटीमीटर खोल भोक पाडावे. फळीवर पहिले भोक कडेपासून साडेसात सेंटीमीटरवर, पुढची पंधरा-पंधरा सेंटीमीटरवर घ्यावीत आणि ड्रिल सुमारे १० अंश कलते धरावे, म्हणजे दांड्या वर झुकतील व कपडा घसरणार नाही. आधी चकती ओवून मग दांडीची दोन्ही टोके एपॉक्सीने चिकटवावीत आणि २४ तास हात लावू नये.

खुंटाळे जमिनीपासून दीड मीटरवर, मुलांसाठी एक मीटरवर लावावे. प्लग नुसत्या गिलाव्यात न ठोकता विटेत बसवावेत आणि फळी व भिंत यांच्यामध्ये स्क्रूवर एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या घालाव्यात, म्हणजे श्रावणात भिंतीला आलेली ओल सागवानाला लागणार नाही.