एक शिंग ओले, एक कोरडे: वळवाच्या पावसाची घरच्या घरी नोंद कशी ठेवावी

वळवाचा पाऊस बैलाचे एक शिंग भिजवतो आणि दुसरे कोरडे ठेवतो, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. पुण्यात राहून एप्रिल-मे महिन्यांत पाऊस मोजू लागल्यावर या बोलण्यात अतिशयोक्ती फारशी नाही, हे लवकरच कळते. कोथरूडमध्ये रस्त्यांवरून पाणी वाहत असताना हडपसरमध्ये नुसती धूळ उडत असते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शिवाजीनगर वेधशाळेचा एकच आकडा ‘पुण्याचा पाऊस’ म्हणून छापून येतो. जुलै-ऑगस्टमधील संततधार मोजण्याची पद्धत या पावसाला जशीच्या तशी लागू केली तर हाती फारसे काही लागत नाही. वळवाच्या नोंदीत किती पडला याइतकेच केव्हा पडला, कोणत्या दिशेने आला आणि कोठे पडला नाही, हेही महत्त्वाचे असते. पुढील सर्व सूचना हे लक्षात ठेवूनच दिल्या आहेत.

हा पाऊस असा तुटक का पडतो

मार्च ते मे या काळात जमीन तापते, अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत येते, आणि विदर्भापासून दक्षिणेकडे पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या आसपास भिन्न दिशांचे वारे एकमेकांना भिडतात. दुपारनंतर तापलेली हवा वर चढू लागते आणि कापसाच्या ढिगासारखे दिसणारे ढग तासाभरात बारा-चौदा किलोमीटर उंचीचे होतात. अशा एकट्या ढगाचा पाऊस पाडणारा गाभा साधारणपणे पाच ते दहा किलोमीटर रुंदीचा असतो आणि त्याचे आयुष्य अर्ध्या ते एका तासाचे असते. पाऊस पडू लागला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि ढगाला वर चढणाऱ्या उबदार हवेचा पुरवठाच तोडून टाकते, म्हणजे ढग स्वतःच्याच पावसाने मरतो. तीच थंड हवा जमिनीवरून पसरत जाऊन चार-पाच किलोमीटरवर दुसरा ढग उभा करू शकते. म्हणून शेजारच्या गावात पाऊस झाला तर आता आपली पाळी, असा हिशेब वळवात चालत नाही.

पर्जन्यमापक आणि त्याची जागा

महागड्या स्वयंचलित केंद्रापासून सुरुवात करण्याची गरज नाही. सोळा सेंटिमीटर आतील व्यासाचे, उभ्या आणि खोल काठाचे नरसाळे, त्याखाली अरुंद तोंडाची बाटली, बाटली बसेल असे प्लास्टिकचे डबडे आणि औषधांच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे मोजपात्र एवढे पुरेसे आहे. सोळा सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे बाटलीतील प्रत्येक २०.१ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. समजा ४१२ मिलिलिटर पाणी जमले, तर पाऊस २०.५ मिलिमीटर झाला. नरसाळे दुसऱ्या मापाचे असेल तर जमलेल्या मिलिलिटरला दहाने गुणून तोंडाच्या चौरस सेंटिमीटरने भागावे. व्यास मोजताना मात्र घाई करू नये. सोळाऐवजी साडेपंधरा सेंटिमीटर धरले तर प्रत्येक नोंद सहा-साडेसहा टक्क्यांनी फुगते आणि ही चूक वर्षभर कोणाच्याही लक्षात येत नाही.

जागेचा नियम सोपा आहे, पाळणे कठीण आहे. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावा आणि त्याचा काठ जमिनीपासून सुमारे तीस सेंटिमीटर उंचीवर, पूर्णपणे समतल असावा. शहरात अशी मोकळी जमीन बहुतेकांच्या नशिबी नसते, म्हणून गच्चीवर ठेवावे लागते. तेव्हा कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून शक्य तितके दूर, गच्चीच्या मध्याजवळ ठेवावे आणि वहीच्या पहिल्याच पानावर ते लिहून ठेवावे. वळवाआधी सोसाट्याचा वारा सुटतो, तो कठड्यावर आपटून वर उसळतो आणि थेंब मापकावरून पलीकडे नेतो, त्यामुळे गच्चीवरील आकडा खऱ्यापेक्षा कमी येण्याचा संभव असतो. डबड्याभोवती तीन विटा लावल्या नाहीत तर पहिल्याच वाऱ्यात ते गडगडत जाते. माझे एकदा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या अंगणात सापडले होते, आणि त्या दिवशीच्या नोंदीच्या रकान्यात मला ‘मापक पडला’ एवढेच लिहिता आले.

उन्हाळ्यातली खरी अडचण निराळीच असते. चार-पाच महिने पाऊस नसल्याने मापकाकडे कोणी फिरकत नाही आणि तेवढ्यात त्यात वस्ती होते. नरसाळ्यात धुळीचा थर बसतो, त्यावर कडुनिंबाची वाळलेली फुले चिकटतात, कोळी जाळे विणतो, आणि कुंभारीण माशीला तर नरसाळ्याची नळी मातीचे घर बांधण्यासाठीच केली आहे असे वाटत असावे. गेल्या उन्हाळ्यात पहिल्या वळवानंतर मी गच्चीवर गेलो तेव्हा बाटलीत चमचाभर पाणी होते आणि नरसाळे काठोकाठ गढूळ पाण्याने भरलेले होते. नळीत काडी घालून पाहिली तर आत वाटाण्याएवढी तीन मातीची घरटी एकापुढे एक बसवलेली होती. त्यातले किती पाणी काठावरून सांडून गेले हे कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हापासून होळी झाली की दर रविवारी नरसाळे धुऊन त्यात अर्धा पेला पाणी ओतून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. स्वयंचलित झुलत्या बादलीचा मापक, म्हणजे ज्यातली चिमुकली बादली ठरावीक पाणी भरले की कलंडते आणि किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस मोजला जातो तो, वापरणाऱ्यांनी तर हे अधिकच कटाक्षाने करावे. तो मापक जोराच्या सरीत थोडा कमीच मोजतो, कारण बादली कलंडत असताना पडणारे पाणी पूर्णपणे हिशेबात येत नाही. त्याच्याजवळ साधे नरसाळे ठेवून महिन्याअखेर दोन्ही बेरजा ताडून पाहाव्यात.

केव्हा मोजावे आणि कोणत्या तारखेला लिहावे

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणजे १४ मे रोजी संध्याकाळी पाच वाजता पडलेला वळीव सरकारी तक्त्यात १५ मे या तारखेसमोर दिसतो. नवे नोंदकर्ते इथे हमखास चुकतात. आपल्याकडे चौदाला पाऊस, वेधशाळेकडे शून्य, असे पाहून वेधशाळेलाच नावे ठेवू लागतात. त्यासाठी वहीत दोन रकाने करावेत: एकात पाऊस प्रत्यक्ष पडला ती तारीख व वेळ, दुसऱ्यात सकाळी साडेआठची अधिकृत पद्धतीची बेरीज.

मात्र पाणी मोजण्यासाठी सकाळपर्यंत थांबू नये. मे महिन्यात दिवसा चाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या गच्चीवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर पाणी उडून जायला वेळ लागत नाही. अरुंद तोंडाची बाटली सावलीत असेल तर नुकसान कमी होते, तरीही सर थांबल्यावर, धोका टळल्यावर, लगेच मोजणे उत्तम. चार थेंब पडून फरशी ठिपक्याठिपक्यांची झाली आणि बाटलीत मोजण्याइतके काहीच आले नाही, तर तेथे शून्य न लिहिता ‘थेंब’ असे लिहावे. काहीच पडले नाही तर मात्र ठळक शून्य लिहावे. रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकाम्या रकान्याचा अर्थ कोणी पाहिलेच नाही असा होतो, तर शून्य सांगते की पाहिले आणि पाऊस नव्हता.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या शहरात २८ जुलै १९९७ रोजी वादळी पावसाने पूर आला, तेव्हा शहराच्या पश्चिम भागात दहा इंचांहून अधिक पाऊस पडला होता, तर काही मैलांवर त्याच्या अगदी थोडा अंश. अधिकृत केंद्रांच्या विरळ जाळ्यात हा फरक पकडणे अवघड होते. त्यानंतर १९९८ मध्ये तेथे हौशी नोंदकर्त्यांचे ‘कोकोराझ’ हे जाळे सुरू झाले. साधा मापक, रोजची नोंद आणि शून्याचीही नोंद ही त्याची शिस्त आपल्यालाही उचलण्यासारखी आहे.

वेळ, वीज आणि वारा

सर सुरू झाल्याची, जोर वाढल्याची आणि थांबल्याची वेळ मिनिटात लिहावी. पंधरा मिनिटांत बारा मिलिमीटर म्हणजे तासाला अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा वेग, आणि नाले तुंबतात ते या वेगामुळे, दिवसाच्या बेरजेमुळे नव्हे. त्याबरोबर गार वाऱ्याचा पहिला झोत कोणत्या दिशेने आला आणि तापमान किती उतरले, हेही टिपावे. पुणे-सातारा-सांगली या पट्ट्यात वळवाचे ढग पुष्कळदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून सरकत येतात, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून पावसाची वाट पाहणारा माणूस या दिवसांत फसतो. ऐरणीसारखा पसरलेला ढगाचा माथा ज्या दिशेला लांबला आहे तिकडेच पाऊस जाईल, असेही समजू नये. माथा वरच्या थरांतील वारा ओढतो, ढगाची चाल बरीचशी मधल्या थरांतील वाऱ्यावर ठरते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. लागोपाठ चार-पाच विजांचे अंतर लिहून ठेवले तर ढग जवळ येतो आहे की दूर जातो आहे, हे कळते. पण हे घरात बसून करावे. गडगडाट ऐकू येतो आहे याचाच अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, आणि ती ढगापासून दहा किलोमीटरवर कोरड्या जागीही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे गच्चीवर, शेतात किंवा झाडाखाली जाऊ नये. थोडे पाणी उडून गेले तर आकडा थोडा कमी येईल, त्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास पडलेल्या विजा दाखवते, ते फोनवर असू द्यावे.

गारा पडल्या तर उथळ नरसाळ्यातून त्या उसळून बाहेर जातात, म्हणून खोल काठाचे नरसाळे घ्यावे असे वर सुचवले आहे. अडकलेल्या गारा वितळवण्यासाठी मोजून घेतलेले कोमट पाणी ओतावे आणि एकूण मापातून ते वजा करावे. सर्वांत मोठ्या गारेचे छायाचित्र दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून काढावे. नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर असतो, त्यामुळे मागाहून माप काढता येते.

रडार आणि जमीन

रडारच्या चित्रावर लाल डाग आपल्या घरावर दिसतो आणि अंगणात थेंबही नसतो, असा अनुभव आला तर गोंधळून जाऊ नये. कुलाब्याचे रडार पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणही इथे जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवर असतो, शिवाय मध्ये सह्याद्री आहे. त्या उंचीवर पाऊस असतो, पण खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून येता येता तो विरून जातो. दुरून पाहिले तर ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसतात आणि त्या जमिनीला टेकत नाहीत. पाणी विरताना हवा थंड व जड होते आणि जोराने खाली येते, म्हणून अशा दिवशी पावसाऐवजी धुळीचे वादळ मिळते. वहीत ‘रडारवर पाऊस, जमिनीवर शून्य, वारा पूर्वेचा’ अशी नोंद झाली तर ती चांगली नोंद होय.

आठ-दहा घरे मिळून

एका मापकाचा आकडा एका गच्चीपुरताच खरा असतो. दोन-तीन किलोमीटरच्या अंतराने आठ-दहा ओळखीची माणसे जोडली, सर्वांकडे एकाच मापाची नरसाळी दिली आणि प्रत्येक वळवानंतर आकडा व वेळ व्हॉट्सॲपवर टाकण्याचे ठरवले, तर खरे चित्र उभे राहू लागते. या आकड्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा, कारण तीन घरी चाळीस आणि सात घरी शून्य यांची सरासरी बारा येते आणि बारा मिलिमीटर पाऊस कोणाच्याच घरी पडलेला नसतो. त्याऐवजी नकाशावर आकडे लिहून समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस झालेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, हाताने काढाव्यात आणि प्रत्येक आकड्याजवळ सरीची वेळ लिहावी. दोन ठिकाणच्या वेळांत वीस मिनिटांचा फरक असेल तर ढग सरकला की नवा उभा राहिला, याचा अंदाज येथूनच बांधता येतो.

हवामान विभागाच्या अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थही मग उमगतो. ते शब्द पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस, असे सांगतात. त्या दिवशी दहापैकी आठ घरे कोरडी राहिली तर अंदाज चुकला नाही, बरोबर आला.

राहता राहिला प्रश्न, वळीव कोठे संपवावा आणि मोसमी पाऊस कोठे सुरू करावा. २०२५ मध्ये मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले, त्यामुळे मे महिन्याची एकच बेरीज करणाऱ्यांच्या वहीत दोन निराळे पाऊस मिसळले गेले. सोपा उपाय असा की नोंद महिन्यांनुसार न तोडता प्रत्येक सरीसमोर ‘गडगडाट होता’ किंवा ‘नव्हता’ असे लिहावे, आणि हवामान विभागाने आपल्या जिल्ह्यापुरते मोसमी पावसाचे आगमन जाहीर केले त्या तारखेवर लाल शाईची रेघ ओढावी. माझ्या त्या वर्षीच्या वहीत ती रेघ मे महिन्याच्या पानावरच आली आहे, आणि रेघेखालच्या पहिल्या दोन नोंदींसमोरही ‘गडगडाट होता’ असेच लिहिलेले आहे.