कोरियात तोकबोक्की घरी मागवताय? तिखटाचं नंतर ठरवा

कोरियात राहायला आलेला प्रत्येक जण तोकबोक्की मागवायच्या आधी हेच विचारतो, किती तिखट घेऊ? माझं म्हणणं असं की तिखटाचा नंबर तिसरा लागतो. आधी बघायचं तोक, म्हणजे तोकबोक्कीतले पिठाचे चिवट, लांबट तुकडे, कुठलं आहे, मग बघायचं की दुकानातून तुमच्या दारापर्यंत यायला जो अर्धा-पाऊण तास जातो त्यात त्याचं काय होणार, आणि हे दोन्ही ठरलं की तिखट. हा पदार्थ डब्यात बसल्या बसल्या बदलत राहतो, रस्सा आटतो, तोक रस्सा पितं, चीज गोठतं, आणि घरी येईपर्यंत जे चांगलं राहील तेच मागवलं की तिखट कमी पडो की जास्त, जेवण वाया जात नाही.

तर तोक. दोन जाती, मिल-तोक म्हणजे गव्हाच्या पिठाचं आणि सल-तोक म्हणजे तांदळाचं. कोरियात 1960 आणि 70 च्या दशकात तांदळाची टंचाई होती, सरकार लोकांना गव्हाचं पीठ वापरायला सांगत होतं, त्या काळात शाळेजवळच्या छोट्या दुकानांमधून मिल-तोक रुजलं ते आजपर्यंत. बरेच लोक तांदळाचंच भारी समजतात आणि दुकानात बसून खायचं असेल तर मलाही तेच आवडतं, चिवट, दाताला छान ओढ देणारं. पण डिलिव्हरीला मी मिल-तोकच सांगेन. ते मऊ असतं, रस्सा आत शिरतो, थोडं गार झालं तरी खाता येतं. सल-तोक गार झालं की आतला स्टार्च आवळतो आणि तोक कडक व्हायला लागतं, फ्रिजमध्ये ठेवलं तर विचारायलाच नको. खूप दुकानं ऑर्डरच्या पानावर दोन्हीतलं एक निवडायला देतात, अर्धं-अर्धं पण देतात. दुकान अगदी जवळ असेल, दहा मिनिटांवर, तर बिनधास्त सल-तोक घ्या.

आता अ‍ॅप. मुख्य तीन, बेदाल मिनजोक ज्याला सगळे बेमिन म्हणतात, कुपांग ईट्स, आणि योगियो. बेमिन 2010 पासून आहे आणि छोट्या गल्लीतली दुकानं पण त्यावर सापडतात, म्हणून तोकबोक्कीसाठी आधी ते उघडा. बुनसिक नावाचा वेगळा विभाग असतो, तोकबोक्की, किंबाप, तळलेले पदार्थ सगळं त्यातच. बेमिनवर दोन प्रकारची डिलिव्हरी दिसते, एक म्हणजे रायडर फक्त तुमच्याकडेच येणार, दुसरी स्वस्तातली ज्यात तो वाटेत अजून एक-दोन घरं करत येणार. बाकी कशाला स्वस्तातली चालेल, तोकबोक्कीला मात्र फरक हजार-दोन हजार वॉनचा असेल तर थेटवाली घ्या. कुपांग ह्या ऑनलाइन खरेदीच्या साइटची वाव मेंबरशिप असेल (महिना 7,890 वॉन) तर कुपांग ईट्सवर बऱ्याच दुकानांची डिलिव्हरी फुकट पडते, मग तिथेच बघा. आणि एक, तेच दुकान दोन्ही अ‍ॅपवर उघडून शेवटचा आकडा बघा, पदार्थाची किंमत न बघता सगळं धरून येणारा आकडा, कारण डिलिव्हरीचा खर्च कधी वेगळा दाखवतात तर कधी पदार्थाच्या किमतीतच घातलेला असतो.

खरी अडचण पैसे भरण्यात येते. कोरियन फोन नंबर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल आणि इथलं बँक कार्ड असेल तर काही प्रश्न नाही, काकाओ पे, नेव्हर पे, टॉस काहीही जोडा. नुकतेच आला असाल आणि हे काहीच नसेल तर बेमिनवर काही दुकानं दारात पैसे घ्यायची सोय देतात, कार्ड किंवा रोख, ऑर्डर करताना पैशांच्या पर्यायात खाली ते दिसतं. तेही नसेल तर ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या कोरियन मित्राला सांगा, तिथे एकाने ऑर्डर करायची आणि बाकीच्यांनी पैसे पाठवायचे हे रोजचं आहे, कोणी वाईट मानत नाही. किंवा सरळ पोजांग करा, म्हणजे पार्सल, स्वतः जाऊन आणायचं. डिलिव्हरीचे पैसे वाचतात, किमान ऑर्डरची कटकट बहुतेक ठिकाणी राहत नाही आणि तोकबोक्की गरम मिळते.

पत्ता कोरियनमध्येच टाका, रस्त्याचं नाव आणि बिल्डिंग नंबरवाला, नेव्हर मॅपवरून कॉपी केला की झालं. खाली वेगळ्या रकान्यात फ्लॅट नंबर, आणि बिल्डिंगच्या मुख्य दाराला कोड असेल तर तोही, लोक हा रकाना रिकामा सोडतात आणि रायडर खाली उभा राहून फोन करतो, तुम्हाला कोरियन येत नसेल तर दोघांचेही हाल. हॉटेलात असाल तर रिसेप्शनला आधी विचारून ठेवा, रायडरला वर सोडतात की लॉबीतच घ्यावं लागतं. हान नदीच्या काठी बसून खायचं असेल तर योइदो हानगांग पार्कमध्ये डिलिव्हरी घ्यायच्या ठरलेल्या जागा आहेत, पाटी लावलेली असते, तीच जागा पत्त्यात टाका, नाहीतर इतक्या मोठ्या मैदानात रायडरला तुमची चटई कशी सापडणार.

मग दुकान निवडणं. मोठ्या चेनमध्ये योप्तोक सगळ्यांना माहीत असते, पूर्ण नाव दोंगदेमुन योपगी तोकबोक्की. तिचा मोठा डबा तीन-चार जणांचा, साधारण 14,000 वॉनच्या आसपास, चीज, ओमुक (माशाच्या लगद्याच्या पट्ट्या) आणि सॉसेज आधीच आत. एकटे असाल तर लहान आकार आहे का ते आधी बघा, मोठा डबा एकट्याने संपत नाही. तिच्या तिखटाच्या पायऱ्या खालून वर अशा आहेत: चाखान, छोबो, तोल-मेउन, ओरिजिनल, मेउन. इथे नीट ऐका, ओरिजिनल म्हणजे मधलं नाही, ते चांगलंच झणझणीत आहे. आपण लहानपणापासून तिखट खातो म्हणून बरेच जण थेट ओरिजिनलवर जातात. आपलं तिखट भाकरी-भातासोबत विभागलं जातं, तेल-खोबऱ्याने सौम्य होतं, इथे मात्र गोड-तिखट घट्ट रस्सा प्रत्येक तुकड्याला चिकटून तोंडात येतो आणि जिभेवर रेंगाळतो, शिवाय गोडीमुळे पहिल्या दोन-तीन घासांत कळतच नाही. पहिल्यांदा छोबो किंवा तोल-मेउन घ्या. चाखान अगदीच सौम्य, लहान मुलांना ठीक.

सिनजोन ही दुसरी चेन, देगू शहरातून आलेली, तिचा रस्सा पातळ आणि त्यात मिरी आणि करी पावडरीसारखा वास. तिथे तीनच पायऱ्या, सुनहान, चुंगगान, मेउन, म्हणजे सौम्य, मध्यम, तिखट. रस्सा जास्त असल्याने ही वाटेत टिकते, आणि सोबत तिथलं तळलेलं ओमुक मागवून रश्शात बुडवून खाल्लंत तर मजा येते. तिखट कमी हवं असेल तर रोझे घ्या, लाल रश्शात दूध किंवा क्रीम घातलेली, 2021 च्या सुमारास ह्या रोझेची कोरियात जबरदस्त लाट आली होती आणि आता ती सगळीकडे मिळते. फक्त रोझे गार झाली की जड लागते, ती आली की लगेच बसायचं.

चेन सोडून गल्लीतलं साधं दुकान मिळालं तर मी तेच घेईन. रिव्ह्यूमधले फोटो बघा, दुकानाने टाकलेले नाही, लोकांनी घरी डबा उघडून काढलेले. त्यात रस्सा तोकच्या वर दिसतोय का ते बघायचं. घरी पोचल्यावरही तोक रश्शात बुडालेलं दिसत असेल तर ते दुकान डिलिव्हरी समजून करतं. तोक कोरडं, वर सॉस सुकलेला दिसला तर पुढे जा, तारे कितीही असोत.

आणि झुकसोक तोकबोक्की म्हणून एक प्रकार दिसेल, टेबलावर शेगडी ठेवून स्वतः उकळायची, सोलच्या सिंदांग-दोंगमध्ये त्याची गल्लीच आहे, तिथे मा बोक-रिम आजींनी 1953 मध्ये गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट, घालून तोकबोक्की विकायला सुरुवात केली असं मानतात. ही मागवायची तर न शिजवलेली मागवा, पर्याय असतो, घरी कढईत उकळा. घरी गॅस असेल तर खरं सांगते, डिलिव्हरीत ह्याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण वाटेत बिघडायला काही शिजलेलंच नसतं.

वरून काय घालायचं ह्यात लोक सगळ्यात जास्त वाहवत जातात. रामेन नूडल्स घालू नका, प्लीज. वीस मिनिटांत फुगून सगळा रस्सा पितात आणि डबा उघडला की लाल गोळा. नूडल्स हव्याच असतील तर घरी पाकिटातल्या वेगळ्या उकळा आणि मग घाला. त्याऐवजी रताळ्याच्या स्टार्चच्या रुंद पट्ट्या, ज्यांना चुंगगुक-दांगम्योन म्हणतात, त्या बऱ्याच तग धरतात, बुनमोजा पण, त्याही स्टार्चच्याच, जाडजूड आणि चिवट. उकडलेलं अंडं नक्की घ्या, पिवळा बलक रश्शात कुस्करला की तिखट लगेच उतरतं. तळलेलं, म्हणजे थ्विगिम, वेगळ्या कागदी पिशवीत येतं का बघा, रश्शावर ठेवून पाठवतात ती दुकानं टाळा. जुमोकबाप, म्हणजे समुद्री शेवाळाचा चुरा घातलेला भात, बहुतेक वेळा सुटा येतो आणि प्लास्टिकचा हातमोजा देतात, आपणच कालवून गोळे वळायचे. तिखट ओरिजिनलच्या वर घेतलं असेल तर हा भात आणि केरानजिम, वाफवलेलं अंडं, दोन्ही हवेतच. प्यायला पीचचं कूलपिस, दुधातलं गोडसर पेय, तोकबोक्कीबरोबर तिथे तेच पितात. पाण्याने आग विझत नाही, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, दुधाने उतरतो.

शाकाहारी मंडळी, इथे नीट वाचा. ओमुक माशाचं, सुंदे डुकराच्या रक्ताचं, सॉसेज बहुतेक डुकराचं, आणि हे सगळं काढून टाकायला सांगितलं तरी रस्सा बऱ्याचदा सुक्या मासळीच्या स्टॉकवर केलेला असतो, तो काही काढता येत नाही. दुकानाला आधी मेसेज करून विचारा, किंवा न शिजवलेला प्रकार मागवून घरी साध्या पाण्यात करा, पण सॉसच्या पुडीवर काय लिहिलंय ते भाषांतराच्या अ‍ॅपने वाचून.

दुकानासाठी एक सूचनेचा रकाना असतो, रायडरसाठी दुसरा. दुकानाला ओमुक नको म्हणायचं तर ओमुक प्पेजुसेयो, कमी तिखट करा म्हणायचं तर तोल मेप्के हेजुसेयो. रायडरला दाराबाहेर ठेवा म्हणायचं तर मुन आफे नवाजुसेयो. हे भाषांतराच्या अ‍ॅपमधून कोरियन लिपीत काढून पेस्ट करा. चमचा-चॉपस्टिक हव्या असतील तर तिथेच खूण करावी लागते, 2021 पासून अ‍ॅपवर त्या आपोआप येत नाहीत. आणि रिव्ह्यू इव्हेंट नावाचा पर्याय दिसला तर तो निवडा, शून्य वॉनमध्ये एखादं तळलेलं मोमो किंवा कोल्ड्रिंक येतं, बदल्यात फोटोसकट रिव्ह्यू टाकायचा. घेतलंत तर टाका बरं का, छोट्या दुकानदाराचा धंदा त्यावर चालतो. दुकानाने ऑर्डर घेऊन शिजवायला सुरुवात केली की रद्द होत नाही, त्यामुळे पत्ता एकदा परत वाचूनच बटण दाबा. शुक्रवारची रात्र आणि पाऊस असेल तर जेवायच्या एक तास आधीच मागवा.

डबा आला की वर घट्ट प्लास्टिकची पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, सोबत ती कापायला छोटंसं प्लास्टिकचं कटर देतात, पिशवीच्या तळाशी बघा, फेकून देऊ नका. कापताना तोंड बाजूला, वाफ जोरात येते. मग तळापासून ढवळा, सॉस आणि चीज खाली बसलेलं असतं, न ढवळता खाल्लं तर वरचं फिकं आणि शेवटचे घास जहाल. रस्सा फार आटला असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालून दोन मिनिटं गॅसवर, रोझे असेल तर दूध.

उरलं तर रात्री सल-तोक रश्शाबाहेर काढून ठेवू नका, रश्शातच बुडालेलं असू द्या, सकाळी पाणी घालून मंद आचेवर सोडवा. आणि तोक संपून नुसता रस्सा राहिला तर तीन-चार चमचे पॅनमध्ये, त्यात शिजलेला भात, शेवाळाचा चुरा, थोडं तिळाचं तेल, वरून चीज, चमच्याने दाबून पसरा आणि खालून कुरकुरीत होईपर्यंत हलवू नका. काही जण ह्या भातासाठीच रस्सा राखून ठेवतात, मीही.

डबा धुतला तरी लाल राहतो, साबणाने जात नाही. एक-दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवा, मिरचीचा रंग उन्हाने उडतो, मग प्लास्टिकच्या कचऱ्यात टाका. तेलकट, खरकटा डबा तसाच टाकला तर तो रिसायकल होत नाही, आणि बिल्डिंगचे काका तो तुमच्या दारात परत आणून ठेवू शकतात.